हृद्रोग्याचे मुखारोग्य
(ज्ञातिमंडळाच्या पोशीर येथील वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणिसांनी मला जेव्हा आजच्या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी त्यांना विचारले की, विषय कोणता? ते म्हणाले, "गुरुजी, शिक्षणप्रसार, लग्नातील वायफळ खर्च आणि व्यसनमुक्ती यांवर दरवर्षी बोलणे होते. या खेपेस प्रकृतीवर बोला." मी डॉक्टर नव्हे, वैद्यही नव्हे. एस.एस.सी. झालेला, म्हणजे आमच्या वडिलांच्या भाषेत मॅट्रिक झालेला, एक सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. तथापि गेली बारा-तेरा वर्षे हृद्रोग हा पाहुणा आमच्या घरी कायमचा मुक्कामास आलेला आहे. त्याची सरबराई करताना जे वाचले, जे डॉक्टरांना विचारून घेतले आणि जे डोळ्यांनी पाहिले, तेवढ्याच शिदोरीवर मी आपल्यापुढे उभा आहे.

माझा विषय ऐकून काही मंडळींना हसू येईल. हृदयाचा विकार असलेल्या माणसाचे दात, हिरड्या आणि एकंदर मुखारोग्य हा तो विषय होय. हृदय कोठे आणि दात कोठे, असे वाटणे साहजिक आहे. आमच्या मातोश्रींनाही तसेच वाटले होते. त्या हकिकतीकडे मी पुढे येईनच.

प्रथम हृदयाविषयी थोडेसे. आपले हृदय हा एक पंप आहे आणि त्याला चार दारे आहेत. या दारांना झडपा म्हणतात. रक्त एका दिशेने पुढे जावे, मागे फिरू नये, एवढेच त्यांचे काम. हृदयाच्या स्वतःच्या पोषणासाठी ज्या रक्तवाहिन्या आहेत, त्यांत चरबीचा थर साचून मार्ग अरुंद झाला, म्हणजे छातीत कळ येते, आणि मार्ग अजिबात बंद झाला, म्हणजे ज्याला आपण झटका म्हणतो तो येतो. पूर्वी आपल्या खेड्यापाड्यांत हृदयाचा विकार म्हटला की तो बहुधा झडपांचा असे. आता रक्तवाहिन्यांचा विकार घरोघर आला आहे. रक्तदाबाची गोळी नाही असे घर आपल्या आळीत शोधावे लागेल.

झडपांच्या विकाराचे मूळ पुष्कळदा बालपणी असते. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूंच्या एका जातीमुळे सुजतो, घसा बरा होतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी ताप येऊन सांधे सुजू लागतात. आज गुडघा, उद्या घोटा, परवा कोपर. याला वाताचा ताप किंवा सांधेज्वर म्हणतात. जंतूंशी लढण्यासाठी शरीराने जी शस्त्रे परजलेली असतात, तीच चुकून स्वतःच्या सांध्यांवर आणि हृदयावर चालतात. सांधे बरे होतात, परंतु हृदयाच्या झडपेवर व्रण राहतो आणि पुढे वीस-तीस वर्षांनी ती झडप आखडते अथवा गळू लागते. अशा मुलाला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे द्यावे लागते, आणि ते चुकवू नये. मूल बरे दिसते म्हणून इंजेक्शन बंद करणारे पालक मी शिक्षक या नात्याने पाहिले आहेत.

आता या झडपांचा दातांशी संबंध काय, ते पाहू. आपल्या तोंडात कोट्यवधी जंतू नांदत असतात. तोंड स्वच्छ असेल तर ते निमूट राहतात. परंतु दातांच्या मुळाशी कीट साचले, हिरड्या सुजल्या, त्यांतून रक्त व पू येऊ लागला, म्हणजे जंतूंना रक्तात शिरण्यास वाट मिळते. निरोगी माणसाच्या रक्तात शिरलेले असे जंतू काही मिनिटांत नाहीसे होतात. परंतु ज्याची झडप आधीच खडबडीत झालेली आहे अथवा कृत्रिम आहे, त्याच्या झडपेवर ते तळ ठोकतात, वाढतात आणि झडप कुरतडू लागतात. सर विल्यम ऑस्लर या थोर वैद्याने १८८५ साली लंडनमध्ये याच व्याधीवर व्याख्याने दिली होती. पुढे १९३५ साली ओकेल आणि इलियट या दोघांनी दात काढल्यानंतर लगेच रुग्णांचे रक्त तपासले आणि अनेकांच्या रक्तात तोंडातील जंतू प्रत्यक्ष दाखवून दिले. पेनिसिलिन येण्यापूर्वी या व्याधीतून रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असे. आजही चार ते सहा आठवडे शिरेतून औषध द्यावे लागते आणि कित्येकदा झडप बदलावी लागते.

या व्याधीचे सोंग मोठे फसवे असते. बारीक ताप, जो पंधरा-वीस दिवस जातच नाही. रात्री घाम, भूक मंद, वजन उतरते, थोडे चालले की धाप. आपण काय करतो? औषधाच्या दुकानातून तापाच्या चार गोळ्या आणि त्यांबरोबर जंतुनाशकाच्या दोन गोळ्या आणतो. ताप चार दिवस दबतो आणि पुन्हा येतो. ज्याच्या झडपेत दोष आहे त्याने असे मुळीच करू नये. कारण जंतुनाशक पोटात जाण्यापूर्वी रक्त तपासले तरच कोणता जंतू आहे ते कळते. ही एक गोष्ट जरी कोणी आज घरी घेऊन गेले, तरी माझ्या बोलण्याचे सार्थक झाले असे मी समजेन.

अमेरिकेतील हृद्रोगतज्ज्ञांच्या संस्थेने १९५५ साली असा सल्ला दिला की, झडपेचा दोष असलेल्यांनी दात काढण्यापूर्वी जंतुनाशक घ्यावे. पन्नास वर्षे तो सल्ला चालला. २००७ साली त्याच संस्थेने तो बराच आकुंचित केला. कृत्रिम झडप बसविलेले, ही व्याधी पूर्वी एकदा होऊन गेलेले, काही जन्मजात हृद्दोष असलेले आणि हृदयरोपण झालेल्यांपैकी काही, एवढ्यांनाच आता तो लागू आहे. न्यूझीलंडच्या तज्ज्ञांनी मात्र २००८ साली सांधेज्वराने झडपा बिघडलेल्यांना त्या यादीत ठेवले, कारण त्यांच्याकडे अशा रुग्णांची संख्या मोठी. आपल्याकडेही ती थोडी नाही. यास्तव आपल्याला औषध हवे की नको हे आपल्या हृद्रोगतज्ज्ञाला विचारूनच ठरवावे. ते बहुधा एकाच मात्रेचे काम असते आणि उपचारापूर्वी अर्धा ते एक तास घ्यावयाचे असते.

परंतु २००७ च्या या फेरविचारामागे जी कारणमीमांसा होती, ती मला फार मोलाची वाटली. तज्ज्ञांनी असे म्हटले की, दात काढण्याचा प्रसंग वर्षा-दोन वर्षांतून एकदा. परंतु हिरड्या सुजलेल्या असतील तर रोज दात घासताना, रोज घास चावताना जंतू रक्तात जातच असतात. वर्षभराचा हिशेब केला तर एका दाढेपेक्षा या रोजच्या वाटेचाच भार किती तरी अधिक. तेव्हा एक दिवसाच्या गोळीपेक्षा तीनशे पासष्ट दिवसांची स्वच्छता अधिक महत्त्वाची. हे कोणाही गृहिणीला पटण्यासारखे आहे. दिवाळीला एकदा घर सारवून वर्षभर केर न काढणाऱ्या घराला आपण स्वच्छ म्हणत नाही.

आता आमच्या घरची हकिकत सांगतो. आमच्या सौभाग्यवतींना लहानपणी सांधेज्वर झाला होता. त्या काळी तो अंगावरच काढला गेला. पुढे संसार, शेती, मुले यांत वर्षे गेली. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी विहिरीवरून कळशी आणताना त्यांना उंबऱ्यापाशी बसावे लागू लागले. तपासणीत माइट्रल नावाची झडप आखडल्याचे निघाले. हे २०१३ साल. तत्पूर्वी वर्षभरच, २ जुलै २०१२ रोजी, शासनाची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली होती आणि त्यांत आपला रायगड जिल्हा होता. तीच आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. त्या योजनेतून मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया ठरली. सर्व कागदपत्रे झाली, भात झोडून खळ्यात तसाच ठेवून आम्ही निघालो, आणि तेथील डॉक्टरांनी प्रथम काय सांगितले? तोंड उघडा. आणि तोंड पाहून म्हणाले, दंतवैद्याचा दाखला आणल्याशिवाय शस्त्रक्रिया होणार नाही.

तीन दाढा किडून मुळापर्यंत गेल्या होत्या, हिरड्या दाबल्या की पू येत होता. आम्ही घरी परतलो तेव्हा आमच्या मातोश्री कडाडल्या, "बाईची छाती दुखते, आणि हे दात कसले उपटतात?" प्रश्न रास्त होता. उत्तर मला दंतवैद्यांनी दिले ते असे की, नवी झडप बसविल्यावर तिच्यावर जंतू बसले तर ती वाचविणे फार कठीण. तेव्हा शत्रूचा तळ आधी उठवावयाचा आणि मग राजाला गादीवर बसवावयाचे. दाढा काढल्या, दातांवरील कीट खरवडून काढले, जखमा भरल्या, आणि सहा आठवड्यांनी शस्त्रक्रिया झाली. ती उत्तम झाली. धातूची झडप असल्याने रक्त गोठू नये म्हणून रोज एक गोळी आणि ठरावीक दिवसांनी रक्ताची तपासणी, हे आता आमच्या दिनक्रमात बसले आहे.

येथवर तर सर्व ठीक. परंतु माझे खरे सांगणे याच्या पुढचे आहे. हृदय सुधारले, चार जिने चढण्याची शक्ती आली, आणि तरीही मंडळी जेवेनात. तीन दाढा गेल्यामुळे एकाच बाजूने चावणे, त्यामुळे त्या बाजूलाही ठणका. डॉक्टरांनी सांगितले होते की पालेभाज्या, कोशिंबिरी, कडधान्ये, फळे खा. मीठ, लोणचे, पापड, तळलेले वर्ज्य करा. काकडी चावत नाही, मूग चावत नाहीत, पेरू तर बघवतही नाही. मग जे चावते ते काय? मऊ भात, चहात बुडविलेली खारी आणि बिस्किटे. म्हणजे डॉक्टर जे खा म्हणाले ते दातांना जमेना आणि जे नको म्हणाले तेच दातांना जमे. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण आपण दैवाला उद्देशून वापरतो. येथे ती शब्दशः खरी होती. हळदीकुंकवाला गेल्या तर त्या पदर तोंडाला लावून बोलत. हसणे जवळजवळ बंद झाले. कोणी विचारले, प्रकृती कशी आहे, तर मी सांगे, उत्तम आहे. आणि रुग्णालयाचे कागदही तेच सांगत.

या गोष्टीचाही शास्त्रज्ञांनी विचार केलेला आहे हे मला मागाहून कळले. ऑस्ट्रेलियातील स्लेड आणि स्पेन्सर या दोघांनी १९९४ साली ४९ प्रश्नांची एक प्रश्नावली केली, आणि १९९७ साली स्लेड यांनी तिची १४ प्रश्नांची संक्षिप्त आवृत्ती सिद्ध केली. ती जगभर वापरतात. तिच्यात किती दात किडले हे विचारलेलेच नाही. तोंडामुळे शब्द उच्चारण्यास अडचण होते का? चव कमी झाली आहे का? खाताना त्रास होतो का? जेवण अर्धवट सोडावे लागते का? चारचौघांत संकोच वाटतो का, ओशाळल्यासारखे होते का? चिडचिड होते का? नेहमीची कामे अडतात का? एकंदरीत जगण्यातले समाधान कमी झाले आहे का? असे ते प्रश्न आहेत. मास्तर म्हणून मी आयुष्यभर प्रश्नपत्रिका काढल्या, परंतु इतकी नेमकी प्रश्नपत्रिका मला कधी काढता आली नाही. हृद्रोग्याला आपण नाडी विचारतो, रक्तदाब विचारतो, साखर विचारतो. जेवताना आनंद होतो का, असे विचारणारा घरात कोणी असतो का?

त्यात औषधांची भर पडते. लघवी अधिक होण्याच्या गोळ्यांनी आणि इतरही काही गोळ्यांनी तोंड कोरडे पडते. लाळ ही दातांची राखणदार आहे; ती आटली की दात लवकर किडतात आणि घास गिळणेही जड जाते. रक्तदाबावरील अम्लोडिपिन व निफेडिपिन या जातीच्या गोळ्यांनी काही जणांच्या हिरड्या फुगून दातांवर चढतात. असे दिसले तर घाबरू नये, आणि गोळी परस्पर बंद करू नये. डॉक्टरांना दाखवावे, ते गोळी बदलून देतात. तोंड स्वच्छ असणाऱ्यांत हा त्रास कमी दिसतो.

रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांबाबत तर मी हात जोडून सांगतो. दाढ काढावयाची म्हणून आपल्याच मनाने आठ दिवस गोळी बंद करणारे लोक आहेत. हिरडीतून येणारे रक्त कापसाचा बोळा दाबून थांबविता येते. झडपेवर अथवा हृदयात बसविलेल्या स्प्रिंगमध्ये रक्ताची गुठळी झाली तर ती कापसाने थांबत नाही. दंतवैद्याकडे जाताना सर्व गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून घेऊन जावीत आणि हृदयाचे कागद आधी दाखवावेत. काय थांबवावयाचे आणि काय नाही, ते दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून ठरवावे.

याच्या उलटही एक प्रकार आहे. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांना शेताचा बांध चढताना खालच्या जबड्यात डाव्या बाजूस ठणका लागे आणि बसले की तो थांबे. घरच्यांनी लवंगेचे तेल लावले, कोणी हळद दाबून दिली. असे दहा-बारा दिवस गेले. ती दाढ नव्हतीच. हृदयाचे दुखणे जबड्यात उमटत होते. दातदुखी चालण्याने वाढत नाही आणि बसण्याने थांबत नाही. श्रमाबरोबर जबडा दुखू लागला, त्यासोबत घाम आला, धाप लागली, तर लवंग शोधण्यात वेळ न घालविता थेट रुग्णालय गाठावे. ते गृहस्थ सुदैवाने वेळेवर पोहोचले आणि आज या मंडपात बसलेले आहेत. त्यांची परवानगी घेऊनच मी हे सांगितले.

आता भगिनीवर्गाला थोडे न आवडणारे बोलतो, त्याबद्दल क्षमा असावी. आपल्या भागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली मशेरी ही दात साफ करण्याची वस्तू नव्हे, ती तंबाखूच आहे. तव्यावर काळी होईपर्यंत भाजली म्हणून तिचा स्वभाव बदलत नाही. सकाळी एकदा म्हणून सुरू होते, मग दुपारी जेवणानंतर, मग संध्याकाळी, मग मशेरी लावल्याशिवाय पोटच साफ होत नाही असे वाटू लागते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घाटापलीकडे, पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासली आणि ती पाहणी १९७२ साली प्रसिद्ध केली. कर्करोग आणि त्यापूर्वीचे पांढरे चट्टे यांचा तंबाखूशी असलेला संबंध अशा पाहण्यांतून उघड झाला. दातांच्या पेस्टमध्ये व मंजनात तंबाखू घालण्यास केंद्र शासनाने १९९२ साली बंदी केली आणि ती सर्वोच्च न्यायालयात १९९७ साली टिकली. परंतु घरच्या तव्यावर कोणता कायदा येऊन बसणार? हृद्रोग्याच्या दृष्टीने पाहावयाचे तर तंबाखूतील निकोटीन हिरडीतून रक्तात जाते, नाडी जलद करते, रक्तदाब वाढविते. एका हाताने रक्तदाबाची गोळी आणि दुसऱ्या हाताने मशेरी, असे कित्येक घरी चालले आहे. सासूबाईंची मशेरी भाजून देणारी सून ही सेवा समजून करते, आणि त्या धुराबरोबर ती स्वतःही शिकते. पुरुषांनीही येथे मिशीवर ताव देण्याचे कारण नाही. लग्नाच्या आदल्या रात्री हळदीच्या मंडपात तंबाखूचे ताट फिरविणारे आपणच.

जुन्याचा अभिमान बाळगणाऱ्या मंडळींसाठी एक गंमत सांगतो. वाग्भटाने अष्टांगहृदयात दिनचर्या सांगताना खैर, करंज इत्यादींच्या काडीने दात घासावे, मात्र हिरड्यांना इजा होऊ देऊ नये, असे सांगितले आहे. आणि ज्यांनी काडी वापरू नये अशा रोग्यांच्या यादीत हृद्रोगीही घातला आहे. यावरून त्या काळी जंतू ठाऊक होते असे म्हणण्याचा मोह मी आवरतो. तसे म्हणणे हे पूर्वजांचा गौरव नसून त्यांची थट्टा होईल. परंतु हिरडी दुखवू नये ही गोष्ट अनुभवी वैद्याला दिसली होती, एवढे मात्र खरे. राखुंडी, कोळसा, विटेची भुकटी यांनी दात खसाखसा घासणारे आपण ती विसरलो. मऊ ब्रश, फ्लोराइडयुक्त पेस्ट, सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी दोन मिनिटे, यापलीकडे मोठा खर्च नाही. रात्रीचे घासणे सकाळपेक्षा अधिक महत्त्वाचे, कारण झोपेत लाळ कमी होते. हिरडीतून रक्त आले म्हणून घासणे बंद करू नये. ते रक्त कीट साचल्याची खूण आहे.

मी अतिशयोक्ती करतो आहे असे कोणास वाटू नये म्हणून दुसरी बाजूही मांडतो. १९१० साली विल्यम हंटर नावाच्या इंग्रज वैद्याने कॅनडात एक व्याख्यान दिले आणि त्यानंतर वैद्यकात अशी लाट आली की शरीरातील प्रत्येक दुखण्याचे मूळ दातांत आहे. त्या लाटेत हजारो लोकांचे चांगले दात उपटले गेले आणि दुखणी होती तेथेच राहिली. पुढे १९८९ साली फिनलंडमधील मटिला व सहकाऱ्यांनी दाखविले की, हृदयाचा झटका आलेल्या रुग्णांचे मुखारोग्य इतरांपेक्षा वाईट असते. अमेरिकेच्या त्याच संस्थेने २०१२ साली सर्व अभ्यास तपासून असा निर्वाळा दिला की, हिरड्यांचा विकार आणि रक्तवाहिन्यांचा विकार यांची सोबत खरी आहे, परंतु एकामुळे दुसरा होतो हे सिद्ध झालेले नाही आणि हिरड्यांवर उपचार केल्याने झटका टळतो असेही सिद्ध झालेले नाही. तंबाखू, मधुमेह, वय हे दोन्हींचे सामाईक सोबती. तेव्हा दात घासले की झटका येणार नाही, असे मी म्हणत नाही. झडपेच्या रुग्णाने तोंड जपलेच पाहिजे, आणि रक्तवाहिन्यांच्या रुग्णाने सुखाने जेवता-बोलता यावे म्हणून जपले पाहिजे, एवढेच म्हणतो.

मुलांविषयी एक शब्द. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याच्या तपासणीच्या व्याधींच्या यादीत सांधेज्वराचा हृद्रोगही आहे आणि दातांचे विकारही आहेत. पथक शाळेत येते, चिठ्ठी देते. डोळ्यांची चिठ्ठी पालक जपून ठेवतात, आणि दातांची चिठ्ठी "दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत" म्हणून चुलीत जाते. ज्या मुलाच्या हृदयात जन्मजात दोष आहे, त्याच्या बाबतीत तरी असे करू नका.

आमच्या सौभाग्यवतींचे पुढे काय झाले ते सांगावयाचे राहिले. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून पायी जाण्याच्या अंतरावर, सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. नेरळहून कर्जत लोकलने सरळ तेथे उतरता येते, गाडी बदलावी लागत नाही. पाच-सहा खेपा झाल्या, आणि काढता-घालता येणारी छोटी कवळी बसली. पहिले पंधरा दिवस ती तोंडापेक्षा डबीतच अधिक राहिली. त्यानंतर माघात शेतावर पोपटी लावली होती. मडके उघडले, आणि कित्येक वर्षांनी त्यांनी वालाच्या शेंगा दोन्ही बाजूंनी चावून खाल्ल्या. मीठ मी आधीच कमी घातले होते, त्याबद्दल बोलणी खाल्ली ती वेगळी. आता दर सहा महिन्यांनी दातांची सफाई होते, आधी ठरलेले जंतुनाशक घेतले जाते, रक्ताची तपासणी दाखविली जाते. कवळी रात्री काढून, धुऊन, पाण्यात ठेवली जाते.

मंडळापुढे माझी एक सूचना आहे. आपला शिष्यवृत्ती निधी आहे, तो आहे तसाच राहू द्यावा. परंतु यंदाच्या शिलकीतून एक लहानशी रक्कम बाजूला काढून सभासद कुटुंबांतील हृद्रोग्यांच्या कवळ्यांसाठी आणि जाण्या-येण्याच्या खर्चासाठी ठेवावी. साध्या तपासणीसाठी प्रथम कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात विचारणा करावी. ज्यांना मुंबईस जावयाचे आहे, परंतु सोबत नाही, विशेषतः ज्या वृद्ध भगिनी एकट्या आहेत, त्यांनी आपली नावे, चालू असलेल्या गोळ्यांची यादी आणि हृदयाच्या कागदांची नक्कल आज सायंकाळपर्यंत चिटणिसांकडे द्यावी. मी निवृत्त माणूस आहे, माझा मासिक पास आहे आणि तेथील खिडक्या मला ठाऊक झाल्या आहेत. पहिली तुकडी येत्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी नेरळहून सकाळच्या गाडीने निघेल. न्याहारी करून, दात घासून आणि गोळ्यांची पिशवी घेऊन फलाटावर यावे.